मी बसते इथंच, तुम्ही जाऊन या

साताऱ्यातल्या कुठल्याही घरच्या सहलीत हे वाक्य एकदा तरी येतंच. कधी सज्जनगडाच्या पायथ्याला, कधी ठोसेघरच्या पायऱ्यांच्या तोंडाशी, कधी लिंब गावच्या विहिरीच्या काठावर. बोलणारी बहुधा आजी असते. आजोबा बोलत नाहीत, नुसते चपलेचा पट्टा चाचपत मागं राहतात. "आत्याबाई, चला की, हळूहळू जाऊ," असं सून दोनदा म्हणते. तिसऱ्यांदा म्हणत नाही, कारण तोवर पोरं पुढं पळालेली असतात. मग आजी गाडीत. काचा दोन बोटं खाली, किल्ली मुलाच्या खिशात, पाण्याची बाटली डिकीत आणि डिकी बंद. पाऊण तासात येतो म्हणून गेलेली माणसं दोन तासांनी येतात आणि वर काय काय होतं ते सांगत सुटतात.

सहल कुठं काढायची हे आपण फोटो बघून ठरवतो. त्याऐवजी दोन प्रश्नांपासून सुरुवात केली तर निम्मी भांडणं घरातच मिटतात: आजी कुठं बसणार, आणि घाट किती वाजता उतरायचा? ठिकाण त्यानंतर आपोआप ठरतं.

दुसरा प्रश्न आधी घेऊ, तो सोपा आहे. सप्टेंबरात आपल्याकडं साडेसहाच्या सुमारास दिवस मावळतो, डिसेंबरात सहालाच. घाट उजेडात उतरायचा म्हटलं की वरून निघायची वेळ पाच, हिवाळ्यात साडेचार. तिथून मागं मोजत यायचं. मोबाइलचा नकाशा एकट्या गाडीचा वेळ सांगतो, कुटुंबाचा नाही. घाटात त्याच्या दीडपट धरावा. शिवाय "पाच मिनिटं थांबू" म्हणून गाडी थांबली की सहा माणसं उतरणार, त्यातली दोन आडोसा शोधणार, एक चहा सांगणार. ते थांबणं पंचवीस मिनिटांचंच असतं. चालण्याचा हिशोब तासाला दोन किलोमीटर, त्याच्या वर नाही. असं मोजलं की एका दिवसात तीन ठिकाणं बसत नाहीत हे कागदावरच कळतं. दोन बसतात. पावसाळ्यात दीड.

रविवारी सकाळी नऊनंतर पोवई नाक्यावर उभं राहिलं की पुण्याच्या गाड्यांची रांग दिसते. पुणं ११० किलोमीटरवर, म्हणजे ती माणसं सहाला निघाली तरी नऊच्या आत कासच्या वाटेला लागत नाहीत. साताऱ्यात घर असण्याचा हा खरा फायदा, आणि आपणच तो नऊपर्यंत झोपून घालवतो. समर्थ मंदिराकडून चढून बोगद्यापाशी आलं की दोन वाटा फुटतात. एक यवतेश्वरच्या घाटानं कासला, दुसरी बोगद्यातून सज्जनगड-ठोसेघरला. सुट्टीच्या दिवशी दहा वाजता इथं येऊन "कुठं जायचं?" विचारण्यापेक्षा घरी जाऊन झोपलेलं बरं.

कासला जायचं ते पहिल्या वेळेचं ऑनलाइन बुकिंग करून आणि जमलं तर आठवड्याच्या मधल्या वारी. अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. पठार बघायचा काळ ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, पण या महिना-सव्वा महिन्यातही पठार एकसारखं नसतं. पंधरा दिवसांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्याला गुलाबी तेरडा दिसला म्हणून आपल्यालाही दिसेल असं नाही. आपल्याला कदाचित पिवळी सोनकी मिळेल. ऊन पडलं की फुलं टवटवीत, आणि नुसतं धुकं असेल तर दहा फुटांपलीकडं काही नाही. त्यामुळं आदल्या संध्याकाळी आकाश बघून ठरवता येईल असा दिवस मोकळा ठेवावा.

हे पठार का फुलतं ते पोरांना आधी सांगून ठेवलं तर वर गेल्यावर "एवढुशी तर फुलं आहेत" हे ऐकावं लागत नाही. खाली सगळा जांभा दगड. त्यावर मातीचा थर जेमतेम, काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही. पावसाळ्यात पाणी साठतं, उन्हाळ्यात तोच दगड तव्यासारखा तापतो. अशा जागी मोठं झाड मूळ धरत नाही. जे उगवतं त्याला चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हावं लागतं. मातीत नत्र कमी, म्हणून काही झाडं ते किड्यांकडून मिळवतात. निळ्या-जांभळ्या 'सीतेची आसवं'च्या मुळाशी बारीक फुग्यासारख्या पिशव्या असतात, पाण्यातला सूक्ष्म जीव त्यात ओढला जातो. 'दवबिंदू'च्या पानावरचे थेंब दवाचे नसतात, चिकट असतात. बसलेलं चिलट तिथून उठत नाही. हे बघायला उभं राहून चालत नाही, उकिडवं बसावं लागतं आणि डोळे जमिनीपासून हातभर अंतरावर न्यावे लागतात. पोरांना हे जमतं. मोठी माणसं लांबचा गुलाबी पट्टा शोधत राहतात आणि पायाजवळचं चुकवतात. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळं पाचवीतलं पोर ती चुकलं तर पुढची बारावीच्या वर्षात, तेव्हा त्याला कोण सोडणार! २०१२ साली पश्चिम घाटाचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यात कास आहे. गर्दी तेव्हापासून वाढली. वाटेच्या कडेनं चाला, फुलात बसून फोटो काढू नका, हे सांगायला माणसं नेमलेली असतात. त्यांना सांगायची वेळ येऊ देऊ नये. एका बसण्यात पिचलेली रोपं त्या वर्षी बी धरत नाहीत.

आजीचं काय? कास तिच्यासाठी बरं आहे, कारण पठार सपाट आहे आणि वाहनतळापासून पठारापर्यंत बसची सोय असते. पण जांभ्यावर शेवाळ धरतं आणि गुळगुळीत झालेली चप्पल तिथं दगा देते. खालून खाचा असलेले बूट किंवा नव्या तळव्याची सँडल, आणि हातात काठी. काठीच्या टोकाचं रबर झिजून खालची नळी दिसायला लागली असेल तर निघण्याआधी बदलावं, दुकानात सहज मिळतं. झिजलेल्या रबराची काठी ओल्या दगडावर नसलेलीच बरी, कारण माणूस तिच्यावर भार टाकतो आणि ती सरकते.

आता चढ-उताराची एक गोष्ट, जी नकाशावर दिसत नाही. सज्जनगड आधी दम मागतो. साताऱ्यापासून १५-१६ किलोमीटर, गाडी बरीच वर जाते, पण शेवटी दोनशेच्या वर पायऱ्या चढाव्याच लागतात. वर समर्थांची समाधी, श्रीरामाचं मंदिर, दुपारचा महाप्रसाद आणि पश्चिमेच्या टोकाला धाब्याचा मारुती, तिथून खाली उरमोडीचं पाणी. परतीला मात्र नुसतं उतरायचं. ठोसेघर उलटं. वाहनतळापासून धबधबा बघायच्या सज्जापर्यंत उतारच उतार, सगळे हसत-बोलत जातात. वसुली येताना होते. भिजलेले कपडे, दुपारची वेळ आणि आता चढ. धबधबा उधारीवर मिळतो म्हणावं तर हरकत नाही. लिंबची बारामोटेची विहीर त्याच जातीची, आधी उतरायचं आणि मग चढायचं.

म्हणून गुडघ्याचं दुखणं असलेल्यांना एक प्रश्न स्पष्ट विचारावा: चढताना त्रास होतो की उतरताना? पुष्कळांचे गुडघे उतरताना ठणकतात, कारण प्रत्येक पायरीला अंगाचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. दम लागणाऱ्याला चढ वाईट. दोघांना एकच सहल मानवत नाही. दम लागणाऱ्यानं ठोसेघरला सज्जापर्यंत न उतरता वरच थांबावं. गुडघेवाल्यानं सज्जनगड उतरताना कठड्याच्या बाजूनं, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत यावं. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, एवढं लक्षात ठेवलं तरी फरक पडतो.

लिंबच्या विहिरीबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण महामार्गावरून रोज जाणाऱ्या कित्येक सातारकरांनी ती बघितलेली नसते. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. खोली ११० फूट, व्यास ५० फूट, आणि वरून पाहिलं तर आकार शिवलिंगासारखा. मधोमध दगडी महाल, वर मोटा बसवायच्या जागा. आत दुपारीही गार असतं. इथं वरच्या काठावर फिरूनही विहीर बरीचशी दिसते, त्यामुळं खाली न उतरणाऱ्याची सहल फुकट जात नाही. मात्र लहान पोराचा हात सोडायचा नाही, एका मोठ्या माणसाकडं एकच पोर असा वाटा आधी करून घ्यायचा. "सगळे बघतायत" म्हणजे कुणीच बघत नसतं.

खरी बसणाऱ्यांची सहल म्हणजे वाई आणि मेणवली. साताऱ्यापासून ३५ किलोमीटर, सरळ रस्ता, घाट नाही. १७६२ सालचा ढोल्या गणपती रस्त्यालगत, कृष्णेच्या घाटावरच. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी तिच्यावर येऊन दोन्ही बाजूंना फाटावं म्हणून. आजीला घाटावर सावलीत बसवायचं आणि पोरांना ती भिंत मागून दाखवायला न्यायचं. मेणवली तिथून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागं चंद्रकोरीसारखा घाट, आणि मंदिरात टांगलेली १७०७ सालची पोर्तुगीज घंटा. वसईच्या विजयानंतर आलेल्या घंटांपैकी ती एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे आणि ती वाजते शंकराच्या दारात. सकाळी आठला निघून एकला घरी जेवायला येता येईल अशी ही सहल, त्यामुळं तिला कुणी सहल म्हणत नाही. सत्तरीपुढच्या माणसांना विचारलं तर ते हीच निवडतील.

महाबळेश्वरबद्दल लिहायला सगळे बसलेले आहेत, इथं दोनच गोष्टी. सुट्टीत पाचगणी-पसरणीकडून जाण्यापेक्षा साताऱ्याहून मेढा-केळघरकडून जावं, गर्दी कमी लागते. भर पावसात मात्र दरड आहे का हे विचारूनच. आणि स्ट्रॉबेरी पिशवीत घालून आणायची नाही, खालची वरच्यांच्या भारानं चेंबते आणि घरी येईपर्यंत सगळी पिशवी आंबट वास मारते. पसरट खोक्यात एकच थर, पाय ठेवायच्या जागी सावलीला, आणि धुवायची ती खाताना.

बामणोलीला शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणामागच्या जलाशयाचं पाणी बघायला जायचं तर महिना बघून. धरणाची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. पावसाळा संपताना ते भरलेलं असतं आणि बोट जवळ लागते. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं, काठ उघडा आणि बोटीपर्यंत उतरणीचा राडा तुडवत जावं लागतं. अवघड भाग पाण्यातला नाही, चढण्या-उतरण्याचा आहे. बोट आणि काठ यांच्यात वीतभर फट असते आणि बोट हलते. आधी एक धट्टाकट्टा माणूस आत, दुसरा काठावर, मग मधली माणसं. लाइफ जॅकेटचे पट्टे काठावरच आवळायचे, बोटीत बसल्यावर आजीला कोणी सांगितलं तरी ती "असू दे" म्हणते. पलीकडच्या वासोटा किल्ल्याचा विचार पोरं-म्हातारी माणसं घेऊन करू नये. वनखात्याची परवानगी, दीडेक तासांची बोट, जंगलातली उभी चढण आणि दिवस मावळायच्या आत परत, यात कुणासाठी थांबायला जागाच नाही.

घाटाकडं वळू. पोराला गाडी लागते ती पोट बिघडल्यानं नव्हे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण वळतोय, आणि मोबाइलमध्ये खुपसलेले डोळे सांगतात आपण स्थिर आहोत. मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. म्हणून यवतेश्वरचा घाट लागायच्या आधी मोबाइल काढून घ्यायचा, पोराला मधल्या रांगेत बसवून समोरचा रस्ता बघायला लावायचं, काच उघडायची. सात जणांच्या गाडीत मागची रांग सगळ्यात वाईट, तिथं हेलकावा जास्त आणि बाहेरचं दिसत नाही, आणि नेमकं तिथंच पोरांना कोंबलं जातं. रिकाम्या पोटी नेलं तर लागत नाही हा समज खोटा. एखादी कोरडी दशमी किंवा चार बिस्किटं हवीत. दुधाचा चहा आणि तेलकट वडा नको. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, आणि ती घाटात दिली तर उशीर झालेला असतो. निघायच्या तासभर आधी द्यायची. आलेपाक ठेवावा. पिशव्या दोन, जाड, आणि ओंजळीत पाणी घेऊन तपासलेल्या. भोक असलेली पिशवी कधी कळते ते सांगायला नको.

उतरताना गाडी ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरवायची. सात माणसं आणि सामान घेऊन तिसऱ्या-चौथ्यात ब्रेक दाबत उतरलं की ब्रेक तापतात, करपल्यासारखा वास येतो, पेडल खोल जायला लागतं. तसं झालं तर गाडी सुरक्षित जागी घेऊन वीस मिनिटं नुसतं थांबायचं. तापलेल्या चाकावर पाणी ओतायचं नाही, डिस्क वाकते. धुक्यात वरचा दिवा लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून खालचाच दिवा. आतून काचेवर वाफ धरली तर फडक्यानं पुसत बसण्यापेक्षा एसी लावून हवा काचेवर सोडावी, मिनिटभरात काच मोकळी होते.

डब्याशिवाय सहल नाही, आणि डबा हे शास्त्र आहे. सहा माणसांना अठरा दशम्या: साधारण आठशे ग्रॅम गव्हाचं पीठ, चार चमचे तेल, मीठ आणि पाण्याऐवजी दूध, अर्ध्या लिटरला थोडं कमी. दुधानं पोळी दुपारपर्यंत मऊ राहते. नासतात त्या पिठामुळं नव्हे, वाफेमुळं. तव्यावरून काढून तशाच एकावर एक रचल्या आणि झाकण लावलं की आत पाणी सुटतं, खालच्या चार चिकट होतात आणि त्यांचा वास बाकीच्यांना लागतो. प्रत्येक दशमी कापडावर सुटी पसरून गार करायची, मग रचायची. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि बटाट्याच्या काचऱ्या, परतून परतून कोरड्या केलेल्या, कांदा नाही, ओलं खोबरं नाही. काकडी अख्खी न्यायची, चिरून मीठ लावलं की डब्यात तळं होतं.

दहीभाताची खुबी निराळी. सकाळी दही घालून कालवलेला भात गाडीच्या उबेत आंबतच राहतो आणि दुपारी दात आंबतात. त्यापेक्षा दोन वाट्या तांदळाचा मऊ भात करायचा, घोटायचा, आणि हाताला कोमट लागेल इतका निवला की त्यात तीन वाट्या कोमट दूध आणि दोनच चमचे दही. मीठ आता नाही, खाताना. फोडणी गार करून वरून. सहाला कालवलेला भात बारा-साडेबाराला उघडला की ताजं दही लागलेलं असतं, आंबट नाही. थंडीत विरजण सावकाश लागतं, तेव्हा दही चार चमचे. भात कढत असताना दही घातलं तर विरजण मरतं आणि दुपारी दूधभातच मिळतो, ही चूक घाईच्या घरात हमखास होते.

चहाचा थर्मास आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवायचा, मग ओतून चहा भरायचा. दूध घातलेला चहा तीन-चार तासांत कळकट लागतो, म्हणून नुसता कोरा भरून दुधाची पूड वेगळी. पाणी माणशी दोन लिटर, आणि त्यातली एक बाटली आजीच्या हाताशी.

हल्ली साताऱ्याच्या घरांतून परदेशची सहलही निघते. मुलगा नाहीतर लेक तिकडं असते, किंवा निवृत्तीचे पैसे आलेले असतात. मुक्काम पंधरा दिवसांचा असला तरी तो शेवटी पंधरा एकदिवशीय सहलींचाच असतो, आणि त्यातही तोच प्रश्न पहिला: कोण बसणार आणि कुठं?

स्वित्झर्लंड घ्या, कारण सगळे तिथंच जातात. युंगफ्राउयोखचं स्टेशन ३४५४ मीटरवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. खालच्या ग्रिंडेलवाल्ड गावाहून तारेवरच्या पाळण्यात बसलं की पंधरा मिनिटांत २३२० मीटरवरचं आयगरग्लेचर, तिथून दातेरी रुळावरची रेल्वे डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून वर. शरीराला उंची कळायच्या आत माणूस वर पोचलेला असतो. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश. डोकं जड होतं, चालताना धाप लागते, आणि हे तरुणालाही होतं. हृदयाचं किंवा फुप्फुसाचं दुखणं असेल तर साताऱ्यातच डॉक्टरांना विचारून निघावं. वर गेल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं बाकावर बसून पाणी प्यावं, फोटोसाठी धावू नये, दोन तासांत खाली यावं. बर्फाच्या महालात जमीनही बर्फाचीच, कठडा धरून चालायचं. तिकीट महाग आहे आणि धुकं असेल तर कासच्या धुक्यासारखंच, समोर काही नाही. वरच्या कॅमेऱ्याचं चित्र सकाळी मोबाइलवर दिसतं, ते बघूनच तिकीट काढावं. स्विस ट्रॅव्हल पास वेंगन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंतच पुरतो, पुढं सवलतीत वेगळं तिकीट लागतं. हे स्टेशनवर कळलं की घरात वाद होतो.

आणि आजीला वर नेलंच पाहिजे असंही नाही. लाउटरब्रुनेन हे गाव सपाट खोऱ्यात, ७९६ मीटरवर, आणि स्टाउबबाखचा जवळपास ३०० मीटरचा धबधबा गावातल्या रस्त्यावरून दिसतो. ठोसेघरसारखी उतरून वसुली नाही. बाक आहेत, स्वच्छतागृह आहे, कारंज्याचं पाणी 'पिण्याचं नाही' अशी पाटी नसेल तर पिता येतं. दोन तरुण वर जावेत, एक मोठं माणूस आजीजवळ खाली. तो एक जण मात्र रोज निराळा, नाहीतर सून पंधरा दिवस बाकावरच बसते.

डब्याचे नियम तिकडं कडक. कंदी पेढे हा सातारकरांचा हक्काचा खाऊ, खवा चांगला भाजलेला असल्यानं प्रवासात टिकतोही, पण युरोपीय संघाच्या देशांत, आणि संघात नसलेल्या स्वित्झर्लंडमध्येही, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. नातवासाठी नेलेला डबा विमानतळावर टाकून द्यावा लागतो. चटणी, लाडू असलं, पण दूध-तूप नसलेलं काही न्यावं. सुकं खोबरं विमान कंपन्या नाकारतात, त्यातलं तेल पेट घेऊ शकतं म्हणून. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनला टाकायच्या बॅगेत कधीच नाही. औषधंही हातातच, मूळ पाकिटात, औषधाच्या मूळ नावासह लिहिलेल्या चिठ्ठीबरोबर. स्वित्झर्लंड उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार. बीपीची सकाळी आठची गोळी तिकडं किती वाजता हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोचा विमा लागतो. तो काढताना आधीपासूनच्या आजाराचं काय, ते कलम वाचावं. स्वस्त विम्यात ते बहुधा नसतं, आणि आपल्या घरात आजार आधीपासूनचेच असतात. तिकडं रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवारीच दूध-ब्रेड भरून ठेवायचं.

आता उरली ती खुर्ची. कास असो नाहीतर बामणोली, आजी बसणार असेल तर गाडीत नको, बाहेर सावलीत बसावी. तीनपायी घडीचा स्टूल घेऊ नये, त्याला पाठ नसते आणि ओल्या मातीत एक पाय रुतला की माणूस कलंडतं. बुटक्या आरामखुर्चीत बसता येतं, उठता येत नाही. बसायची जागा जमिनीपासून ४५ सेंटिमीटर, मागं पाठ, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे, अशी चार पायांची घडीची खुर्ची बघावी आणि दुकानातच आजीला बसवून, हात न देता उठता येतं का ते पाहावं. पायांखाली घालायला प्लायवूडचा चौरस तुकडा. खुर्चीजवळ पाण्याची बाटली, छत्री, गाडीची दुसरी किल्ली, मोबाइल, आणि परत यायची वेळ कागदावर लिहिलेली. डिकी भरताना ही खुर्ची सगळ्यात शेवटी ठेवायची, डब्याच्याही वर. गाडी थांबली की पहिली तीच निघाली पाहिजे.